नकाशात नसलेली वायर

टेस्टरला कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. तीस वर्षं कानामागं टेस्टर खोचून हिंडणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडीत जे सापडेल ते दहा जणांना सांगण्यातही त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडात तीळ भिजायचा नाही. एका डॉक्टरांच्या सीटखाली सिगारेटचं पाकीट निघालं, तर दुपारपर्यंत ते त्यांच्या पेशंटांनाही ठाऊक झालं होतं.

धंद्यात मात्र तो एक नियम पाळायचा. ज्या वायरीचं दुसरं टोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, तिच्यात करंट सोडायचा नाही. गिऱ्हाईक चिडो, रडो, हाकलून देवो. या नियमामुळं त्याची कित्येक गिऱ्हाइकं गेली होती, पण एकही गाडी जळली नव्हती.

शुक्रवारी सकाळी नकाशेकाकांचा फोन आला. "टेस्टर, अर्ध्या तासाचं काम आहे रे. डॅशबोर्डावरच्या एका बटणाला फॉग लॅम्प जोडायचाय, बस्स."

अर्ध्या तासाचं काम म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडं टेस्टर दोन दिवसांची तयारी करून जात असे. त्यानं वायर अखंड असली की वाजणारा बझर घेतला, वायरींच्या गुंडाळ्या घेतल्या आणि घरी सांगितलं की जेवायला वाट बघू नका.

नकाशेकाका नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. चष्म्याच्या काचा दरवर्षी जाड होत गेल्या होत्या, पण हाताची रेघ अजून सरळ होती. त्यांची गाडी सायीच्या रंगाची, त्यांच्या लग्नाहूनही पंधरा वर्षांनी मोठी. लाकडी डॅशबोर्डावर ओढायची सहा गोल बटणं होती. सेकंडहँड घेतली तेव्हा गाडीतलं वायरिंग कुजलेलं होतं. ते काकांनी सगळंच्या सगळं स्वतः बदललं आणि मग त्याचा नकाशा काढला. साधी आकृती नव्हे, नकाशाच. प्रमाण, सूची, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. गाडी कुठंही तोंड करून उभी राहू शकते हे त्या बाणाला कुणी सांगितलं नव्हतं. तो नकाशा फ्रेम करून गॅरेजच्या भिंतीवर लावलेला होता, आणि त्यात बावीस वायरी होत्या.

"हे बघ," काका हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी खिशातून एक कागद काढला.

जुन्या गाड्यांच्या क्लबाचा गेल्या वर्षीचा शेरा होता तो. क्लबाचे परीक्षक गाडी तपासून पितळी बिल्ला देत, पण त्यासाठी डॅशबोर्डावरची प्रत्येक गोष्ट चालू असावी लागे आणि तिचा उपयोग मालकाला सांगता यावा लागे. कागदावर लिहिलं होतं: 'डावीकडून चौथे बटण. मालक म्हणतात फॉग लॅम्प. गाडीस फॉग लॅम्प नाही. पुढील वर्षी चालू करून दाखवावे.'

"परवा रविवारी तपासणी आहे," काका म्हणाले. "आणि महिनाअखेर माझं लायसन्स संपतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता पुन्हा सही देणार नाही. म्हणजे रविवारी मी शेवटचं गाडी चालवणार. बिल्ला लावून, हिला शेजारी बसवून एकदा घरी यायचं, एवढंच मनात आहे. बाकी काही नाही."

घरातून शिलाई मशिनीचा आवाज येत होता. काकू पुढच्या खोलीत चाळीस वर्षं कपडे शिवत होत्या. मशीन थांबलं, तसे काकाही गप्प झाले. मशीन पुन्हा सुरू झालं, तेव्हा ते कुजबुजले, "तर तू असं कर. जुनी वायर सोडून दे. नवी ओढ, पुढं एक दिवा लाव आणि विषय संपव."

टेस्टर डॅशबोर्डाखाली उताणा शिरला. चौथ्या बटणामागून दोन वायरी निघाल्या होत्या. नकाशात त्या नव्हत्या. ज्या माणसानं घड्याळातल्या इवल्याशा दिव्याची वायरसुद्धा सूचीत लिहिली, तो दोन अख्ख्या वायरी विसरेल? टेस्टरनं खालून काकांचे पाय पाहिले. चपलेतले अंगठे एकमेकांवर चढत होते. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यानं तेव्हाच ओळखलं.

"काका, या वायरी मागं चालल्यात."

"हो का?"

"फॉग लॅम्प पुढं असतो."

"असतो खरा." काका खाकरले. "तेव्हा मी नवशिका होतो."

"मग आधी टोक शोधतो आणि नंतर दिवा लावतो."

"अरे, पण टोकाची गरज काय आहे? तुला मी सांगतोय ना!"

टेस्टर बाहेर आला, हात पुसले आणि पिशवी भरायला लागला. तो रागावला नव्हता, फक्त पिशवी भरत होता. हे असं शांतपणे पिशवी भरणं गिऱ्हाइकाला फार जड जातं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. पक्कड आत गेली, बझर आत गेला. चिकटपट्टीचं वेटोळं आत जाईपर्यंत काकांनी दम धरला आणि मग त्याच्या दंडाला धरून त्याला गॅरेजच्या मागं नेलं.

"कुणाला सांगणार नाहीस?"

"कुणाला सांगतो मी?" टेस्टर म्हणाला. काकांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो ओशाळला. "बरं. नाही सांगणार."

मग काकांनी सांगितलं.

लग्नानंतरची पहिली वर्षं. काकूंचं माहेर अडीच तासांवर. सासरे टपाल वाटून निवृत्त झालेले, गल्ली न् गल्ली पायाखालची. जावई नकाशे काढतो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! प्रत्येक भेटीत ते जावयानं काढलेला नकाशा जमिनीवर पसरत आणि त्यातल्या चुका दाखवत. ही विहीर इथं नाही, पलीकडं. हा रस्ता बैलगाडीचा, मोटारीचा नव्हे. दुपारी सुरू झालेली शिकवणी दिवेलागणीपर्यंत चाले. काकांच्या नाकी नऊ यायचे. तरुण रक्त, वर सरकारी शिक्क्याचा नकाशा. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. पेट्रोलच्या टाकीपासून काट्याकडं जाणारी वायर मध्येच तोडली, तिची दोन्ही टोकं चौथ्या बटणावर आणली. बटण ओढलं की जोड तुटायचा आणि टाकी भरलेली असली तरी काटा हळूहळू शून्यावर यायचा.

"पाच वाजले की मी म्हणायचो, जरा गाडी बघून येतो. किल्ली फिरवायचो, बटण ओढायचो आणि हिला हाक मारायचो. बघ, काटा पडतोय. पंप सहाला बंद होतो, निघायला हवं. ती बिचारी बॅग घेऊन यायची. वाटेत डोळे पुसायची, पण मला कधी काही बोलली नाही."

"किती वेळा केलंत असं?"

"अकरा. बाराव्या वेळी बटण ओढलं तर काटा हललाच नाही. मी तिथंच उभा. ही मागून आली, म्हणाली, आहे की पेट्रोल. मग बसू अजून. झालं, बसलो. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी माझ्या नकाशातला एक पूल चुकलेला दाखवला. मी भांडलो. आठवड्यानं जाऊन पाहिलं, तर पूल खरंच चुकला होता! पुढं आमची अशी गट्टी जमली की ही कंटाळून 'निघू या' म्हणायची आणि मीच हलायचो नाही. चारच वर्षं मिळाली ती. मग ते गेले." काकांनी चष्मा काढला. "अकरा वेळा, दर वेळी दोन तास. बावीस तास झाले, टेस्टर. तिच्या वडिलांचे बावीस तास मी चोरले. तुला वाटेल हसण्यावारी न्यावं, पण मला ते जमत नाही. आणि आता तिच्या समोर, त्या परीक्षकाला, बटणाचा उपयोग सांगू?"

टेस्टरला म्हाताऱ्याची दया आली, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं. जी वायर अकरा वेळा नीट चालली, ती बाराव्या वेळी आपोआप का बंद पडावी?

"तुम्ही पुन्हा उघडून पाहिलं नाहीत?"

"नाही. बंद पडलं ते बरंच झालं म्हटलं. कानाला खडा लावला."

अकरा वाजता काकांना डोळ्यांत औषध घालून वीस मिनिटं डोळे मिटून पडावं लागे. ते आत गेले. टेस्टरनं बझरचा एक चिमटा चौथ्या बटणाला लावला, दुसऱ्या टोकाची सुई घेऊन तो गालिच्याखालून वायरीच्या मागं मागं निघाला. दाराच्या चौकटीशी, पुढच्या सीटखाली, मागच्या सीटच्या पाठीशी, सुई टोचेल तिथं बझर शहाण्यासारखा वाजत होता. मग त्यानं मागच्या सीटची पाठ काढली.

आत त्या दोन वायरींची टोकं दिसली. टाकीच्या वायरीपासून ती सोडवून बाजूला घेतली होती आणि टाकीची वायर पुन्हा थेट जोडून टाकली होती. म्हणजे बटण ओढा, ढकला, काट्याला त्याचा पत्ताच नव्हता. हे उंदराचं काम नव्हतं, गंजाचंही नव्हतं. जोडावर चिकटपट्टी नव्हती. बारीक फुलाफुलांच्या कापडाची पट्टी गुंडाळली होती आणि तिच्या कडेनं निळ्या रेशमी धाग्यानं काजाचा टाका घातला होता. एकेक टाका सारखा, शर्टाच्या काजाला घालतात तसा.

टेस्टर त्या टाक्यांकडं बघत राहिला. मशीन कधी थांबलं ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

"सापडलं वाटतं," मागून काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. "घ्या. गार होईल."

"काकू, हे तुम्ही..."

"सीटची कव्हरं मीच शिवली होती. पाठ काढली तर या दोन वायरी दिसल्या. गाडीत बसून किल्ली फिरवली, बटण ओढलं. काटा पडला. ढकललं, चढला. मशिनीची मोटर मी स्वतः दुरुस्त करते, टेस्टर, मला एवढं कळायला कितीसा वेळ लागणार?"

"मग तुम्ही काकांना काही..."

"काय काय बोलायचं ते आठ दिवस पाठ करत होते. असं झोडपणार होते की त्यांच्या सात पिढ्यांना ऐकू गेलं असतं. पण म्हटलं माहेरी जाऊ, आणि तिथं बाबांच्या समोरच बोलू." काकूंनी गाडीच्या टपावरची धूळ बोटानं पुसली. "बाराव्या वेळी हे काट्यासमोर उभे, तोंड एवढंसं. मला वाटलं आता चिडतील, बॉनेट उघडतील. तर मुकाट्यानं आत येऊन बाबांच्या शेजारी बसले. त्या पुलावरून दोघं जे भांडले! बाबा किती खूश होते म्हणून सांगू. तेव्हा विचार केला, आत्ता बोलले तर हा माणूस पुढच्या वेळी लाजेनं बसेल. नाही बोलले तर आपण होऊन बसेल. म्हणून गिळलं."

"आणि अजून गिळताय?"

"सवय झाली." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "फॉग लॅम्प लावू नका. जसं होतं तसं जोडून द्या."

"काकू! परवा परीक्षकासमोर काका..."

"खोटा दिवा लावून मिळवलेला बिल्ला मला माझ्या गाडीवर नको. काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील."

"ते घाबरलेत हो."

"घाबरू देत की दोन दिवस. मी अकरा वेळा रडत आले आहे." रिकामा कप घेऊन त्या दाराशी गेल्या आणि वळल्या. "आणि टेस्टर, मला हे सगळं माहीत आहे, हे त्यांना सांगायचं नाही."

एका तासात दोन गुपितं! एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, दुसऱ्याचं पहिल्याला. त्या दिवशी घरी टेस्टर इतका गप्प होता की बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ताप नाही म्हटल्यावर तिला जास्तच काळजी वाटली.

शनिवारी दुपारी त्यानं वायरी पूर्वीसारख्या जोडल्या. फुलाफुलांची पट्टी धागा न तोडता सोडवली आणि कागदात गुंडाळून काकूंच्या मशिनीवर ठेवली. मग काकांना बोलावलं, किल्ली फिरवली आणि चौथं बटण ओढलं. काटा सावकाश खाली आला. काकांचा चेहराही त्याच्याबरोबर उतरला.

"अरे, हे काय केलंस? दिवा कुठाय?"

"खोटी वायर मी ओढत नाही, काका. तुमची खरी आहे ती चालू करून दिली."

"पण ती बंद कशानं पडली होती?"

टेस्टरनं घसा साफ केला. "उंदीर."

"उंदीर?"

"हुशार होता."

आत मशीन अचानक जोरात धावायला लागलं. काकांनी बटण ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. मग म्हणाले, "बरं. तू उद्या ये मात्र. मला एकट्याला धीर होणार नाही."

रविवारी सकाळी टेस्टर पोहोचला तेव्हा भिंतीवरची फ्रेम रिकामी होती. काका गॅरेजमधल्या टेबलावर वाकले होते, हातात लाल शाईचा टाक. शाई अजून ओली होती. त्यांनी नकाशा वाळू दिला आणि गुंडाळून बगलेत घेतला. टेस्टर मागच्या सीटवर बसला, काकू पुढं. वाटेत पंपावर टेस्टरनं स्वतः उतरून टाकी काठोकाठ भरून घेतली. आज तरी काट्यावरून भानगड नको, एवढाच त्याचा हेतू होता.

क्लबाच्या मैदानात पंधरावीस गाड्या उभ्या होत्या. परीक्षक भिंग घेऊन आले. हा गृहस्थ हसताना कुणी पाहिला नव्हता. त्यांनी हॉर्न वाजवला, दिवे लावले, वायपर फिरवले आणि मग गेल्या वर्षीचा कागद काढला.

"चौथं बटण. फॉग लॅम्प कुठाय?"

"फॉग लॅम्प नाही," काका म्हणाले. "गेल्या वर्षी मी खोटं सांगितलं." त्यांनी मांडीवर नकाशा उलगडला. बावीस काळ्या रेघांमधून एक लाल रेघ मागं टाकीपर्यंत जाऊन परत बटणाशी आली होती. "ही तेविसावी. इतकी वर्षं मी ती दाखवली नाही."

त्यांनी बटण ओढलं. काटा पडला. परीक्षकांनी भिंग लावून काटा पाहिला. "उपयोग?"

काका परीक्षकांकडं बघत नव्हते. ते शेजारी वळले होते. "सासुरवाडीहून लवकर निघता यावं म्हणून. पेट्रोल नेहमी असायचं. मी तुला फसवलं. अकरा वेळा. माझं चुकलं."

काकू समोर बघत होत्या.

"लिहून घ्या," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "आणि पुढं हेही लिहा की बाराव्या वेळी चाललं नाही."

परीक्षक लिहायला लागले. काकांनी मान हलवली आणि मग ती हलायची थांबली. "बाराव्या वेळी? तुला काय माहीत बारावी..." ते मागं वळले. "टेस्टर!"

"मी नाही हो काका! आईशप्पथ!"

काकूंनी पर्स उघडली आणि फुलाफुलांची पट्टी काकांच्या हातावर ठेवली. निळ्या टाक्यांवरून काकांनी अंगठा फिरवला. चाळीस वर्षं त्यांच्या शर्टांची काजं याच हातानं घातली होती, त्यांना ओळखायला भिंग लागलं नाही.

"उंदीर मी," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते औषधाचं नव्हतं. "म्हणजे तेव्हापासून तुला..."

"पुढं बघा. साहेब थांबलेत."

परीक्षकांनी फॉर्मवर लिहिलं: 'चालू. उपयोग: कौटुंबिक.' त्यांच्या मिशीचं एक टोक हललं असं टेस्टर आजही सांगतो, पण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग त्यांनी पितळी बिल्ला काढला आणि स्वतःच्या हातानं समोरच्या जाळीवर बसवला.

क्लबापासून घर सरळ रस्त्यानं दहा मिनिटांवर. काका दोन्ही हातांनी चाक धरून, अगदी सावकाश चालवत होते. महिना संपायला चार दिवस होते, आणि घराचं वळण जवळ आलं होतं. ते वळण टेस्टरलाही नकोसं झालं.

तेवढ्यात काकूंचा हात पुढं झाला. घाईनं नाही, लपवूनही नाही. त्यांनी डावीकडून चौथं बटण धरलं आणि ओढलं. काटा सावकाश खाली यायला लागला.

"अहो," त्या म्हणाल्या, "पेट्रोल संपत आलंय वाटतं."

काकांनी काट्याकडं पाहिलं, बटणाकडं पाहिलं आणि मग बायकोकडं पाहिलं.

"खरंच की," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या पंपावर जाऊ?"

"तिथं फार गर्दी असते. तळ्यापलीकडच्या पंपावर जाऊ."

तळ्यापलीकडचा पंप म्हणजे अर्ध्या तासाचा वळसा. गाडीनं घराचं वळण मागं टाकलं. टेस्टरनं तोंड उघडलं. टाकी काठोकाठ होती, त्यानं स्वतः भरून घेतली होती. त्यानं तोंड मिटलं.

पंपावरच्या माणसानं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि तो चक्रावला. "काका, टाकी तर भरलेली आहे!"

"असं?" काकांनी काट्याकडं बोट दाखवलं. तो शून्यावर पडून होता. "आमचा काटा तर वेगळंच सांगतोय."

"मग आता काय हो?" काकू म्हणाल्या.

"आता काय," काकांनी गाडी गिअरमध्ये टाकली. "पुढच्या पंपावर विचारून बघू."